पाहुणीची घंटा

बामणोलीच्या वरच्या अंगाला, आमच्या नाचणीच्या पट्टीला लागून
तिनं तंबू ठोकला.
फिनलंडची. नाव आइनो.
सर्जाभाऊजींच्या लाँचमधून उतरली तेव्हा
पाठीवरच्या बोचक्याला पितळेची घंटा,
पावलागणिक किणकिण.

म्हटलं, विचार गं रोहिणी,
ही काय म्हसरामागं आलीय का?
लेक मेढ्याला कॉलेजात जाते, तिनं विचारलं.
तिकडं अस्वलं असतात म्हणे.
आवाज आला की अस्वल आपसूक वाट सोडतं,
अवचित गाठ पडली तरच बिथरतं.

असेल. अस्वलाचं अस्वलाला ठाऊक.
पण बाई, आमच्या डोंगरात
किणकिण म्हणजे चुकलेलं वासरू.
गेल्या शिमग्यात आमची तांबी कालवड
अशीच वाजत वाजत करवंदीच्या जाळीआड गेली
आणि वाजायची थांबली.
वाघरू घंटा ऐकून वाट सोडत नाही.
वाटेवर येऊन बसतं.

रोहिणीनं किती सांगितलं, किती गाळलं, देव जाणे.
पोरीनं घंटा सोडली, मुठीत धरली.

मग खाण्याची पिशवी दोरीनं वर ओढून
जांभळीच्या फांदीला टांगली, दोन पुरुष उंच.
तिच्याकडचे खाणारे खालून येतात.
आमचे वरून.
मी बोलले नाही. काही गोष्टी वानरांनीच शिकवाव्यात.
दिवस मावळायच्या आत बिस्किटं संपली,
कसलीशी काळी कडक भाकरी मात्र
एकेका वानरानं चाखून खाली टाकली.
ती इतकी हसली की मलाच वाईट वाटलं,
पिठलं टाकलं.

चुलीपुढं बसवून सांगितलं,
बूट झटकल्याबिगर पाय घालू नको, फुरसं एवढंसं असतं.
तंबूची चेन शेवटच्या दातापर्यंत ओढ.
रात्री बाहेर जायचं झालं तर हाक मार, मी जागीच असते.
आणि गवा आला तर
गवा आला तर काहीच करायचं नाही.
बॅटरी नाही, ओरडणं नाही, फोटो तर नाहीच नाही.
रान त्याचं आहे असं धरून पडून राहायचं.
आम्ही पेरतो तेसुद्धा असंच धरून पेरतो.

आला.
दाराच्या फटीतून पाहिला. चांदणं होतं.
गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे,
त्यावर नुसता अंधार उभा.
तंबूला नाक लावून.
माझ्या हातात डालड्याचा डबा, डब्यात खडे,
वाजवू का नको, वाजवू का नको,
मीच सांगितलेलं मला आठवेना.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
मग नाचणीतून कुणी घोंगडी ओढत न्यावी
तसा आवाज उताराकडं गेला.

सकाळी आइनो सांगत होती,
तंबूचं कापड आत यायचं, बाहेर जायचं, आत यायचं.
त्याचा श्वास.
ओल्या गवताचा वास येत होता, म्हणाली.
मूठ उघडून दाखवली, तळव्यावर
घंटेच्या काठाची लाल कोर उमटलेली.

मी विचारलं, तिकडं अस्वल पुढ्यातच आलं तर?
पळायचं नाही, म्हणाली. पाठ दाखवायची नाही.
हलक्या आवाजात बोलत राहायचं,
मी माणूस आहे, मी जाते, असं काहीबाही,
आणि एकेक पाऊल मागं.

रोहिणी फिसकन हसली.
आई, तू सातारला कचेरीत असंच करतेस.
खरंच की. कालवडीच्या भरपाईचा कागद,
सात महिने झाले,
साहेबानं मान वर केली की माझा आवाज हलका,
येते साहेब, परत येते साहेब, आणि दारापर्यंत उलटी पावलं.
मीही हसले. जरा वेळानं हसू ओसरलं.

जाताना ती घंटा मला देऊन गेली.
नको कसं म्हणायचं.
चुलीमागच्या खुंटीला अडकवलीय,
लोलकाला चिंधी गुंडाळून.
वारा शिरला की हलते, वाजत नाही.

मंगळवारी परत सातारला बोलावलंय.