दारावरचा कागद

निकाल मीच डकवला शाळेच्या दारावर,
मक्याच्या पिठाच्या खळीनं, कोपरे दाबून:
सत्तेचाळीस सत्तेला, दोनशे बारा दुसऱ्यांना.
म्हातारा चिपांगुरा आकड्यांवरून बोट फिरवून गेला,
वाचता येत नसून.

रात्री ट्रक आले.
त्यांच्याकडे आकडा होता, नावं नव्हती.
कोण हे दोनशे बारा?
म्हणून सगळ्यांनाच पालथं झोपवलं खळ्यावर.
नेत्साईनं तर मतही दिलं नव्हतं, त्या दिवशी ती बाळंत होत होती.
तळवे टम्म फुगलेले; सकाळी
गुडघ्यांवर रांगत गेली शेळ्या सोडायला.

दुसऱ्या फेरीला बोटाला शाई दिसली नाही
तर बोटही दिसणार नाही, म्हणाले.
सगळे आले. इतकी सरळ रांग
प्रार्थनेलाही लागत नाही माझ्या शाळेत.

मतं तितकीच भरली, दोनशे एकोणसाठ.
नेत्साई वाढली होती,
चिपांगुरा कमी झाला होता.
दोनशे छप्पन सत्तेला.
आणि तीन.
पुन्हा मोजलं. तीन.
कंदिलाशेजारी माझा हात कापत होता,
चिठ्ठ्या नाही.

ट्रक परत आले, तिघांना शोधत. सापडलं कोणी नाही.

आता वर्षं झाली. मयताला, लग्नात,
बिअरचं मडकं फिरत असताना
कोणीतरी कानाशी येतं:
मास्तर, त्यातलं एक माझं.
आजवर अकरा झाले.

मी गणिताचा माणूस, पण कोणाचंच खोडत नाही.
तीन मांडतो,
हातचे आठ मनात धरतो.