काळं किती काळं

कायतानने दोन्ही यंत्रं एकाच बाकड्यावर मांडली,
मध्ये करवंटीएवढी फट,
आणि म्हणाला, सोमवारपर्यंत बघा,
एक ठेवा, एक परत द्या.
पांढरं ते तीन हजार लुमेनचं, पंखा सारखा करवादणारा.
काळं ते त्याच्या अर्ध्या उजेडाचं,
किंमत मात्र दीडपट.
अर्धा उजेड आणि दीडपट पैसे?
काका, पैसे काळोखाचे आहेत.

बाबा हसले.
सव्वीस वर्षं वास्कोच्या थिएटरात
कार्बनच्या कांड्या जाळून ज्यांनी उजेड केला
त्यांना काळोख विकायला
म्हापशाहून, पोंबुर्फ्याची फेरी धरून,
हा पोरगा चोडणला आला होता.

दुपारी पांढरं जिंकलं.
खिडक्या सताड उघड्या, तरी चुन्याच्या भिंतीवर
क्रिकेटचं मैदान हिरवंगार;
पाल दोनदा चेंडूवर धावली.
काळ्याचं तेव्हा नुसतं धुकं,
भाताच्या पेजेवरची साय.

रात्री मी पणजीकडच्या खिडकीला गोधडी ठोकली.
कॅसिनोंचा जांभळा उजेड नदी ओलांडून
आमच्या भिंतीवर येऊन बसतो,
त्याला कोणी बोलावत नाही.
समईसुद्धा आत नेली.
बाबा म्हणाले, आता लाव.

उल्हासमामाच्या लग्नाची कॅसेट, कायताननेच पेन ड्राइव्हवर घालून दिलेली.
वऱ्हाड रात्रीच्या फेरीने परततंय,
कठड्याशी आई,
अंबाड्यात अबोली, मागे मांडवी.
बाबांनी पांढऱ्यावर तळहात धरला,
मग काळ्यावर,
मग पुन्हा पांढऱ्यावर.
पांढऱ्यात नदीची राख झालेली, आईच्या केसांचीही राख,
पण मागे टोपली घेतलेला कोणी माणूस दिसायचा.
काळ्यात तो नाही.
काळ्यात भिंतच नाही,
तिच्या जागी खोल काहीतरी,
आणि त्यात आईची नथ.

केस कुठे संपतात आणि नदी कुठे सुरू होते
ते बघ, बाबा म्हणाले. परीक्षा तीच.
काळं म्हणजे आंधळं नव्हे.
यंत्राला काळं टाकता येत नाही, बाय,
उजेड अडवता येतो तेवढाच.
आमच्या थिएटरात कुठे होता काळोख?
दारावरचा लाल दिवा, कोणाची विडी,
उशिरा येणाऱ्याने पडदा सारला की
अर्धा पडदा धुऊन निघायचा.

बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू मे महिन्यात काढला.
डावा बाकी आहे, गुरुवारी, बांबोळीला.
उजव्याने बघितलं की चुना निळसर,
नीळ घातलेल्या सदऱ्यासारखा.
डाव्याने बघितलं की सगळं चहात बुडवलेलं.
दोन यंत्रं, दोन डोळे:
एका भिंतीच्या चार भिंती झाल्या,
आणि मी वहीत रकाने आखून बसले.
उजवा डोळा, काळं यंत्र: केस वेगळे, नदी वेगळी.
डावा डोळा, काळं यंत्र: काही नाही.
म्हणजे हिशोब सोपा होता.

रविवारी रात्री पाणी प्यायला उठले.
बाहेरच्या खोलीत पंखा करवादत होता, म्हणजे पांढरं.
बाबा एकटे,
उजव्या डोळ्यावर तळहात,
वाईट डोळ्याने बघत.
मला बघून हात काढला नाही.
म्हणाले, ती एवढी निळी नव्हती गं.
फेरीवरचा बल्ब पिवळा होता.

सोमवारी कायतान आला.
साळगावला एकाला पांढरं हवंय, काका,
तुम्हाला काळंच पटणार, मला ठाऊक होतं.
तो वायर गुंडाळू लागला.
बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली,
उलगडली, चाचपडत भोकं शोधून
प्लगमध्ये परत घातली.
शुक्रवारी ये, म्हणाले.
कायतानने माझ्याकडे बघितलं.
मी वही मिटली होती.