कोरी पानं

मार्च सरला की पोती येतात माझ्या दुकानात,
शहापूरच्या बोळात, मागच्या दाराने.
कँपातल्या शाळांच्या वह्या, अर्ध्या वापरलेल्या:
चार पानं भूगोल, मग एकदम उन्हाळ्याची सुट्टी.
मी कोरी पानं तेवढी काढून घेतो.
बाकीचं रद्दीवाला किलोवर नेतो.

तीस वर्षं बाइंडिंग करतोय.
बँकेची लेजरं गेली, कोर्टाच्या फायली गेल्या.
खळ मात्र अजून घरीच शिजवतो, मोरचूद घालून,
नाहीतर झुरळं माझ्याआधी वाचून टाकतात.
एका वहीत सात जणांची पानं,
कुणाची रेघ बारीक, कुणाची रुंद.
पाठीला मागवाल्यांकडची चिंधी,
म्हणून प्रत्येक वहीचा कणा वेगळ्या साडीचा.

जूनमध्ये दोन गठ्ठे जांबोटीच्या गाडीत टाकतो.
फाट्यापासून चालत.
गवळीवाड्यातली पोरं वाटेत भेटतात,
एका हातात काठी, एका हातात पत्र्याचा डबा.
अस्वलासाठी वाजवत यायचं शाळेला,
असा नियम आहे, हजेरीच्याही आधीचा.

भागू यमकर गेल्या साली पहिलीत यायची होती,
दात पडून पुन्हा आले होते तरी.
बाईंनी विचारलं, जन्म कधीचा?
आई म्हणाली, भोरी म्हस पयल्यांदा याली न्हवं,
त्याच्या फुडल्या आवशेला.
बाईंनी पेन थोडा वेळ हवेत धरलं
आणि लिहिलं: एक जून.
त्या वर्गात चौदापैकी अकरा जणांचा वाढदिवस
एक जूनला असतो.
केक कुणीच कापत नाही.

वही हातात घेऊन भागूनं आधी हुंगली.
मग पान उजेडाकडे तिरपं धरून म्हणाली,
बाई, ह्यात कोन तरी हाय.

खरंच होतं. आधीच्या पोरानं पेन दाबून लिहिलेलं
खालच्या पानावर उमटलं होतं, शाईवाचून.
चुलीतला कोळसा तिनं बोटानं हलकेच फिरवला
आणि पांढऱ्या ओळी वर आल्या,
गोल, वळलेल्या, पोटात पोट घातलेल्या.
ही शिंगं कुनाची?
कन्नड आहे ते, बाई म्हणाल्या.
कचेरीचे कागद ह्यातच येतात.
भागूनं ती शिंगंही गिरवली.
शेजारी आपला क, शेपटी जरा जास्तच लांब.

परतीच्या गाडीत मला उगाच हसू येत राहिलं.
तीस वर्षं कोरी म्हणून शिवली ती पानं.

ह्या मार्चला बाईंनी गठ्ठा परत पाठवला,
उरलेली पानं पुन्हा वापरा म्हणून.
हिरव्या काठाची वही उघडली.
एकोणीस पानं भरलेली. शेवटच्यावर
‘म्हस’ तीनदा, ‘म्हैस’ एकदा,
खाली बाईंची लाल खूण,
कोणत्या शब्दापुढं, ते नीट कळत नव्हतं.
त्यापुढं काही नाही.
पान तिरपं धरलं. कोळशाची पूड चोळली.
नुसतं काळं झालं.
दिवाळीपासून.

आजवर कोरं पान दिसलं की हात आपसूक पुढं जायचा.
पोट त्यावरच चाललंय म्हणा, आणि थोडं पुण्यही.
ही पानं पट्टी लावूनही फाडवेनात.
वही पिशवीत, दुकानाला कुलूप,
जांबोटीची दुपारची गाडी.

भागूची आई गोठ्याच्या दारात होती.
मोठीला दिवस गेल्यात, म्हणाली,
रेडकांमागं कोन जानार?
बसा की ओ. ताक घ्या.
मी बसलो, पिशवी मांडीवर घेऊन.
काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं,
एक शब्द आठवेना.
ताक संपलं. दुसरा पेला आला.
मग रानातून डबा वाजला, लांब,
एकदा, दोनदा,
शाळेच्या वाटेकडून नव्हे.
मी वही बाहेर काढली.