युरिया

कुपवाडच्या कृषी केंद्रात आकिवाट्यांनी विचारलं,
"एकर किती?"
"दोन सेंटिमीटर," म्हणाले मी.
त्यांनी पाऊण किलो कागदात बांधून दिला,
पैसे घेतले नाहीत.

टायटॅनियमच्या भुकटीत दाणे कालवते, दाबते.
वडी पाण्यात सोडली की
युरिया निघून जातो.
राहतात त्याच्या जागा.
भट्टीत तेवढ्या सांभाळायच्या.

भरीव धातू फार ताठ.
सगळा भार एकटाच घेतो,
आणि शेजारचं हाड
बसल्या बसल्या झिजत जातं.
आमचे अप्पा तसेच होते.

तेराव्या आठवड्यात मिरजेहून काप आला.
भिंगाखाली सशाचं हाड,
भोकाभोकांतून
आत, आणखी आत.

आकिवाट्यांना अजून सांगायचंय,
उगवलं म्हणून.