वेंडेल ट्रकमध्ये बसतो

चाळीस वर्षं माशा त्याला चावत आल्या
आणि तो त्यांनाच दटावत आला, पोरांना दटावावं तसा.
परवाच्या जूनमध्ये एकच चावली, मनगटाशी,
आणि ॲम्हर्स्टच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत
त्याचा चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा झाला होता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढची चावेल ती शेवटची.

म्हणून आता तो ट्रकमध्ये बसतो, काचा वर करून,
आणि मी, जिला त्यांची गुणगुणही सोसत नसे,
त्याचा पांढरा झगा घालून पेट्यांपाशी उभी,
बाह्या दोनदा दुमडून.
एक हॉर्न म्हणजे सावकाश. दोन म्हणजे धूर दे.
तिसऱ्याचं काही ठरलेलं नाही;
तो वाजला की समजायचं,
त्याला नुसतं राहवत नाहीये.

आमचं रान एकाआड एक वर्ष पिकतं.
एप्रिलमध्ये पेंढा पसरून वरचा उतार पेटवायचा;
काळाठिक्कर होतो, येणाजाणाऱ्याला वाटतं
इथे काही वाईट घडलं.
घडलेलं नसतं. मुळं खाली निवांत असतात.
खालचा उतार गेल्या वर्षी जळलेला,
यंदा त्याच्या घोट्याएवढ्या झुडपांना
पांढुरकी फुलं, खाली तोंड करून लटकलेली,
एकेका माशीला उलटं लोंबकळायला लावणारी.
तिथेच पेट्या. भोवती विजेची तार,
तारेला सार्डिनचे रिकामे डबे:
अस्वलानं आधी जीभ लावावी, मग शहाणं व्हावं.
लोक मधाचं बोट लावतात, आम्ही मासळीचं.

या जूनला नऊ दिवस धुकं होतं.
खाडीवरून आलं आणि बसलंच, उठेना.
माशा दारापर्यंत यायच्या, परत आत जायच्या,
फुलं आपली वाट बघत गळायची.
वेंडेल बोलेना. जेवताना काटा हातात धरून
खिडकीबाहेर बघायचा.
दहाव्या दिवशी दुपारी ऊन पडलं.
मी धावत ट्रकपाशी गेले तर
हा काच चार बोटं खाली करून, डोळे मिटून,
आवाज ऐकत बसलेला.
काच वर कर, मी ओरडले. इतकी ओरडले
की नंतर मलाच लाज वाटली.

ऑगस्टमध्ये ॲनाबेल सिलिबॉय येते, तिची दोन पोरं घेऊन.
फण्यांनी झुडपं विंचरतात,
कंबरेत वाकून, सकाळपासून, गप्पा मारत.
धाकटा लीव्हाय डबे भरतो त्याहून जास्त खातो,
त्याचे दात बघून वजनातली तूट कळते.
यंदा निम्मेच डबे भरले.
ॲनाबेल म्हणाली, धुक्याचं बिल कुणाला पाठवतेस?

सप्टेंबरात मध काढायचा, स्वयंपाकघरात, दारं लावून.
हे काम वेंडेलचं. चौकटी मी झाडून आणलेल्या,
तो फक्त दांडा फिरवतो, आणि यंत्राच्या भिंतीवर
मध पावसासारखा आपटत राहतो.
सातव्या चौकटीच्या कोपऱ्यात एक राहिलेली होती,
मधानं माखलेली, पंख चिकटलेले.
त्याच्या अंगठ्यापासून वीतभर.
मी तिला मुठीत घेतली.
"चिरडू नकोस," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.
कोपरानं दार उघडून बाहेर गेले.
चावली ती. मी आत येऊन पातेली धुवायला घेतली.

आणि मग जानेवारी. उणे सतरा.
पेट्यांना काळा डांबरी कागद गुंडाळलेला,
वर एकेक वीट.
या थंडीत एकही माशी बाहेर पडत नाही,
पडली तर बर्फावर पोचेपर्यंत मरते.
या थंडीत वेंडेल ट्रकमधून उतरतो.
खिशात इंजेक्शन, डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात,
अकराही पेट्यांपाशी एकेकदा गुडघे टेकतो,
लाकडाला कान लावतो.
चौथीपाशी जास्त वेळ लागतो.

मी ट्रकमध्ये बसते, त्याच्या जागेवर.
सीट अजून गरम असते.
हॉर्नवर हात ठेवते, वाजवत नाही.