बारा तास उपाशी

काल रात्री आठपासून पोटात फक्त पाणी.
कुओपिओच्या आरोग्यकेंद्रात
बाकावर आम्ही दोन कुटुंबं,
पायांखाली बुटांतून वितळलेला बर्फ.

बाबा आणि अर्व्होकाका. एक चेहरा,
एकाचा गोठ्यात रापलेला,
दुसऱ्याचा गोटेनबर्गच्या मोटारकारखान्यात फिका पडलेला.
तीस वर्षं बाबांनी पावाइतकंच जाड लोणी खाल्लं.
काकांनी कँटीनच्या ट्रेमध्ये येईल ते.

नर्स दंडाला पट्टी आवळते. मूठ वळा, म्हणते.
दोघंही न विचारता डावा हात पुढे करतात.

तक्त्यात मी आणि यॉर्मा चुलत नाही.
पेन्सिलनं लिहिलंय: अर्धी सख्खी.
एका अंड्याचे बाप दोघांचे,
म्हणजे गणिताच्या लेखी काका माझा बापच.
यॉर्मा हसला. त्याला फिनिश नीट येत नाही,
मला स्वीडिश.

आई हात मागे घेत होती.
"माझं रक्त कशाला? मी बाहेरची."
डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्याशिवाय
रक्त किती आणि घर किती
हे कळायचं कसं?
तिनं बाही वर केली. दूध काढणारा हात,
शीर लगेच सापडली.

मार्चमध्ये पाकिटं आली.
बाबा आठ पूर्णांक एक. काका सात पूर्णांक नऊ.
आडातलंच पोहऱ्यात,
मध्ये अख्खा समुद्र असला तरी.
यॉर्मा सात. मी चार पूर्णांक सहा,
माझं कारण कुणाला सापडलं नाही,
तक्त्याच्या तळाशी अशांसाठी एक रकाना असतो.

आणि आई: सहा पूर्णांक आठ.
तिच्या माहेरी पाचाच्या वर कुणी नाही.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला,
वाण नाही लागला, गुण लागला.

मला वाटलं, घाबरेल.
ती चष्मा लावून कागद दोनदा वाचत राहिली.
सासूबाई मरेपर्यंत तिला "ती सवोनलिन्नाची" म्हणायच्या.
"बघ," ती म्हणाली, "इथलीच झाले की मी."

मग लोण्याचं भांडं उचलून
तळघरात ठेवून आली.
बाबांनी काही विचारलं नाही.
कोरडा पाव चावण्याचा आवाज
त्या सकाळी बराच वेळ येत होता.