इतिवृत्त

सभा सहाला होती. सुरू झाली पावणेसातला,
कारण मगदूमांच्या खुर्च्या हातगाड्यावरून आल्या
आणि त्यातल्या दोन उघडेनात.
हजर : अकरा माणसं, एक कुत्रं,
आणि घसरगुंडीच्या शिडीवर बसून ऐकणारी
शिकलगारांची रेश्मा, वय वर्षं नऊ.
तिची सही घ्यावी का,
यावर पाच मिनिटं गेली.
मी सचिव. म्हणजे, अक्षर बरं म्हणून.

विषय पहिला, झोपाळे.
साखळ्या आहेत, पाट नाहीत.
पाट कुणाच्या गोठ्यात आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.
ते लिहायचं नाही,
असं एकमतानं ठरलं.

विषय दुसरा, चालायची वाट.
आवटी सरांना पेव्हर ब्लॉक हवेत, लाल नि पिवळे.
तोडकर वहिनींचे गुडघे म्हणतात, माती बरी.
गुडघ्यांना सात मतं पडली.
सर म्हणाले, माझा विरोध नोंदवा.
नोंदवला.
अधोरेखित करा म्हणाले. केला.

व्यायामाच्या यंत्रांचं असं आहे
की खांब आलेत, खांबांवर नावाची पाटी आली,
यंत्रं वाटेत आहेत.
दीड वर्ष वाटेत आहेत.

कोजागिरीला दूध आटवायचं, तीस लिटर.
पातेलं शिकलगार चाचा आणतील, लग्नातलं, मोठं.
केशर परवडत नाही.
हळद टाका की, सांगलीत हळदीला काय तोटा,
हे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच,
यंदा मीच म्हणून घेतलं.
पोरांचं नाटुकलं होईल, माईक नऊपर्यंत,
आणि वर्गणी मागायला जाताना
एकट्यानं जायचं नाही.

मग आली भिंत.
कंपाउंडची. आकाशी रंगवायची, आतून,
पेंटरचा आकडा चौदा हजार.
कुणीतरी म्हणालं, बरंच झालं,
ती रेघ पण झाकली जाईल.

इथं मी काही लिहिलं नाही बराच वेळ.

पावसाळ्यात आमच्याकडं
माणसं तब्येत विचारायच्या आधी विचारतात,
आयर्विनला किती फूट?
ती रेघ एकोणीस सालची.
गाळाची, विटकरी, उभ्या माणसाच्या
कपाळाशी येते.
आम्ही अकराही जण तिच्याकडं बघत होतो,
जो तो आपापल्या घरातली रेघ बघत असणार,
कुणी फ्रिजवर, कुणी लग्नाच्या फोटोच्या काचेवर.
मगदूम उगाच खुर्ची उघडायला लागले.

तेवढ्यात रेश्मा शिडीवरून उतरली,
भिंतीला पाठ टेकून उभी राहिली
आणि तळहात डोक्यावर आडवा धरून म्हणाली,
"अजून एवढं ऱ्हायलंय."
मागं खडूच्या खुणा होत्या, खालून वर चढत गेलेल्या,
रेश्मा, सोहम, पुन्हा रेश्मा, जुळी कोष्टी,
एक 'मोत्या' अशीही, गुडघ्याएवढी.
आम्ही रोज फेऱ्या मारतो त्या भिंतीकडेनं.
कुणालाच माहीत नव्हतं.

बोटीतनं नेलं तेव्हा ती तीनची होती,
तिला आठवतो म्हणे फक्त
एका माणसाचा नारंगी अंगरखा.

ठराव : भिंत रंगवावी.
रेघ आणि खालची खडूची जागा, हातभर रुंद पट्टी, सोडावी.
सूचक तोडकर, अनुमोदन आवटी सर,
विरोध कुणाचा नाही.
पेंटरला फोन लावला तेव्हा तो म्हणाला,
सोडायचे पाचशे जादा पडतील,
सोडायला टेप लावावी लागते.

सही घेतली तिची.
'र' कागदाबाहेर गेला थोडा.

आभार मानायचे राहून गेले.
डास फार झाले होते.
त्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत उघडल्या नाहीत,
मिटलेल्याच परत गेल्या,
हातगाड्यावर सगळ्यांत वर.